कबरीवर दगड नव्हता : सिस्टर रोझेटा थार्प आणि स्मरणाचे राजकारण

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागात यॉर्कटाउन नावाची वस्ती आहे. १९६० च्या दशकात प्रामुख्याने कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी ती वसवली गेली. तिथल्या मास्टर स्ट्रीटवर रस्त्याच्या कडेला एका खांबावर निळी पाटी उभी आहे, तिच्यावर पिवळी अक्षरे आहेत. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या इतिहास व संग्रहालय आयोगाने ही पाटी २०११ मध्ये लावली. जिच्या नावाने लावली ती सिस्टर रोझेटा थार्प. गॉस्पेल गाणारी, ब्लूज वाजवणारी आणि इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून रॉक अँड रोलची वाट तयार करणारी कृष्णवर्णीय स्त्री.

या पाटीपासून साधारण तीन किलोमीटरवर स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला ती इमारत आहे, लिबर्टी बेल आहे. तिथे रोज पर्यटकांच्या रांगा लागतात. आपल्याकडून शिकायला गेलेली मुलेमुलीही तिथे जातात. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी उभे राहून फोटो काढतात, मग फिलाडेल्फियाला येऊन घंटा पाहतात. तसे जाणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की मास्टर स्ट्रीटच्या त्या पाटीपाशीही जाऊन या. पाहायला तिथे फार काही नाही. एक घर, एक खांब, चार ओळी. पण त्या चार ओळी तिथे यायला अडतीस वर्षे का लागली, हा प्रश्न तिथे उभे राहिल्याशिवाय नीट कळत नाही.

रोझेटाचे निधन ९ ऑक्टोबर १९७३ रोजी याच शहरात झाले. नॉर्थवूड दफनभूमीत तिला पुरले. कबरीवर दगड नव्हता, नावही नव्हते. पुढची पस्तीस वर्षे तसेच राहिले. जिच्या लग्नाला तिकीट काढून वीस हजारांवर लोक आले होते, तिची कबर शोधायची तर दफनभूमीच्या नोंदवहीवाचून इलाज नव्हता.

हा विसर आपोआप पडला, असे समजणे भोळेपणाचे आहे. विसर पाडावा लागतो. त्यासाठी व्यवस्था लागते. ती व्यवस्था कशी चालते हे समजून घ्यायला रोझेटाचे आयुष्य फार उपयोगी आहे.

कापसाच्या शेतातून

रोझेटाचा जन्म २० मार्च १९१५ चा, आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट या गावचा. गावाच्या नावातच कापूस आहे. घरचे लोक कापूस वेचणारे. गुलामगिरी कायद्याने संपून पन्नास वर्षे झाली होती. पण दक्षिणेत बहुसंख्य काळ्यांच्या हातात जमीन नव्हती, मताचा अधिकार कागदावर होता आणि जमावाने फासावर लटकवण्याची भीती रोजची होती. आई केटी बेल नुबिन ही चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट या पेंटेकोस्टल पंथाची प्रचारक. मँडोलिन वाजवायची, गायची, उपदेश करायची.

हा पंथ समजून घेतला पाहिजे. प्रतिष्ठित, शिकलेल्या काळ्यांची चर्चे गोऱ्यांच्या पद्धतीने शांतपणे स्तोत्रे म्हणू लागली होती. गरिबांच्या या पंथात मात्र ढोल, खंजिरी, गिटार, टाळ्या, नाच सगळे चालायचे. घामाघूम होऊन देवाला हाक मारायची, हा त्यांचा धर्म. शिष्टांनी ज्याला गोंगाट म्हटले, त्या गोंगाटातच पुढच्या पन्नास वर्षांच्या संगीताचे बी होते. डफ-तुणतुण्याला ज्यांनी गावकुसाबाहेरचे वाद्य म्हणून हिणवले, त्यांच्याशी आपला सामना झालेला आहे. त्यामुळे हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

रोझेटा सहा वर्षांची असताना आई तिला घेऊन शिकागोला आली. दक्षिणेतून लाखो काळे लोक त्या काळात उत्तरेच्या शहरांकडे निघाले होते. आपल्या लोकांनी गाव सोडून मुंबईची गिरणी आणि गोदी गाठली, त्यामागे पोटाबरोबर मानही होता. त्यांचेही तसेच होते. शिकागोच्या चाळिसाव्या रस्त्यावरच्या रॉबर्ट्स टेम्पल या चर्चमध्ये ही मायलेक गाऊ लागली. छोटी रोझेटा गिटार वाजवायची आणि लोक थक्क व्हायचे.

या चर्चचे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

तीन कप्पे

१९३८ हे तिच्या आयुष्यातले वळणाचे वर्ष. त्या वर्षी तिने डेक्का कंपनीसाठी पहिली ध्वनिमुद्रणे केली. त्याच वर्षी ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गायली. रंगमंचावर काळे कलावंत आणि समोर गोरे प्रेक्षक अशी या क्लबची ख्याती होती. आणि २३ डिसेंबर १९३८ ला कार्नेगी हॉलमध्ये, कृष्णवर्णीय संगीताचा प्रवास मांडणाऱ्या गाजलेल्या मैफलीत, ती उभी राहिली. वय तेवीस.

इथून तिला कप्प्यांत टाकायला सुरुवात झाली. पहिला कप्पा धर्माचा. देवाची गाणी दारूच्या टेबलांपुढे म्हणते म्हणून चर्चची माणसे संतापली. लकी मिलिंडरच्या बँडबरोबर तिने संसारी, शृंगारिक गाणीही म्हटली, तेव्हा संताप वाढला. पुढे गॉस्पेलचा इतिहास लिहिणाऱ्यांना ती पुरेशी पवित्र वाटली नाही आणि रॉकचा इतिहास लिहिणाऱ्यांना ती चर्चची बाई वाटली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी तिची गत झाली.

दुसरा कप्पा वंशाचा. काळ्या कलावंतांच्या तबकड्यांना अमेरिकन बाजारात ‘रेस रेकॉर्ड’ म्हणत. काळ्यांची वर्तमानपत्रे ‘रेस’ हा शब्द तेव्हा अभिमानाने वापरत, हे खरे. पण बाजाराने त्याचे कुंपण केले. गाणे कोणत्या चालीचे, कोणत्या ठेक्याचे हे नंतर. गाणारा कोणत्या रंगाचा हे आधी. १९४४ मध्ये रोझेटाने बुगी-वुगी पियानोवादक सॅमी प्राइस यांच्या साथीने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे गाणे मुद्रित केले. भक्तिगीत, पण ठेका नाचायचा आणि मधोमध इलेक्ट्रिक गिटारचा खणखणाट. १९४५ मध्ये ते ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या काळ्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. रॉक अँड रोलची पहिली तबकडी कोणती, या वादात अनेक अभ्यासक आज या गाण्याचे नाव घेतात. पण जेव्हा ते वाजत होते तेव्हा ते ‘त्यांच्या’ यादीत होते. १९४९ मध्ये त्या यादीचे नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. नाव सभ्य झाले, कुंपण तिथेच राहिले. दहा वर्षांनी तसाच ठेका गोऱ्या मुलांच्या हातात आला, तेव्हा त्याला नवा शोध म्हटले गेले.

तिसरा कप्पा बाईपणाचा. गिटार, तीही इलेक्ट्रिक, हे पुरुषाचे वाद्य मानले गेले. रोझेटाचे कौतुक करताना लोक म्हणत की ही पुरुषासारखी वाजवते. हे कौतुक आहे की अपमान? बाईने उत्तम काम केले तरी त्याचे माप पुरुषाचेच. आणि एकदा माप पुरुषाचे ठरले की ज्या दिवशी इतिहास लिहायला बसायचे, त्या दिवशी खरा पुरुष शोधून त्याला जनक करता येते. जनक, पितामह, बादशहा हे सारे शब्द पुरुषांचे. आता कुठे तिला रॉक अँड रोलची ‘गॉडमदर’ म्हणू लागले आहेत.

वंश, लिंग आणि धर्माची सोवळी-ओवळी कल्पना या तीन कप्प्यांतून पडता पडता एक आख्खी कलावंत गहाळ होते. कुणा एकाने कट करावा लागत नाही. प्रत्येक जण ‘ही आमच्यातली नाही’ एवढेच म्हणतो.

बसमध्ये जेवणारी गायिका

‘कलेला जात नसते, संगीताला रंग नसतो’ असे म्हणणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांनी रोझेटाच्या बसकडे पाहावे. दक्षिणेत दौऱ्यावर असताना गोऱ्यांच्या हॉटेलांत तिला खोली मिळत नसे, जेवायला टेबल मिळत नसे. म्हणून ती झोपायची सोय असलेली बस घेऊन फिरायची. तिच्याबरोबर काही काळ जॉर्डनेअर्स हा गोऱ्या गायकांचा चमू गात असे. रंगमंचावर ती मुख्य गायिका आणि ते साथीला. कार्यक्रम संपला की ते हॉटेलात जाऊन बसू शकत आणि तिचे जेवण बाहेर बसमध्ये आणून देत. याच जॉर्डनेअर्सनी पुढे एल्व्हिस प्रेस्लीला साथ केली. संगीताला रंग नसेलही, ताटाला होता.

तरीही ही बाई रडत बसली नाही. ३ जुलै १९५१ ला वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर तिने आपले तिसरे लग्न लावले आणि त्याला तिकीट ठेवले. वीस ते पंचवीस हजार लोक आले. नवरीच्या पोशाखात तिने गिटार वाजवली, डेक्काने सोहळ्याचे ध्वनिमुद्रण केले. शिष्टांनी नाके मुरडली असतील. पण मोलकरणी, हमाल, धोबिणी, कारखान्यातले कामगार अशा माणसांनी आपल्यातल्या एका बाईचा एवढा थाट पैसे मोजून पाहिला, याचा अर्थ आपल्याला कळतो. चौदा एप्रिलला उपाशी पोटीही निळे कपडे घालून वाजतगाजत निघणारा समाज आहोत आपण. थाट ही गरिबाची चैन नसते, ती त्याची घोषणा असते.

मे १९६४ मध्ये ती इंग्लंडमध्ये मँचेस्टरला गेली. ग्रॅनाडा टीव्हीने विल्ब्रहॅम रोड नावाचे बंद पडलेले रेल्वे स्टेशन अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्टेशनासारखे सजवले होते. एका फलाटावर गोरी तरुण मुले, समोरच्या फलाटावर काळे कलावंत, मध्ये रूळ. देखावा खरा वाटावा म्हणून सामानसुमान आणि जनावरेही आणून ठेवली होती. गरिबीचा देखावा मांडून पाहणाऱ्यांना गरिबांचे गाणे अधिक अस्सल वाटते, हा रोग जुना आहे. तेवढ्यात पाऊस आला. रोझेटा लांब कोट घालून, पांढरी गिटार गळ्यात अडकवून पुढे आली आणि तिने पावसाचेच गाणे धरले. ते चित्रण आजही पाहता येते. जरूर पाहा. पन्नाशीला टेकलेली बाई, बोटांत वीज आणि चेहऱ्यावर ‘तुमचा देखावा तुम्हाला लखलाभ’ असा भाव.

१९७० मध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला. मधुमेहाने पाय कापावा लागला. तरी ती गात होती. १९७३ मध्ये गेली.

दगड कोण बसवते?

आता स्मरणाचा हिशोब मांडू. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८६ मध्ये पहिला सन्मान केला. चक बेरी, एल्व्हिस, लिटल रिचर्ड, जेरी ली लुईस, रे चार्ल्स. त्या पहिल्या यादीत एकही स्त्री नाही. यातल्या लिटल रिचर्डला १९४७ मध्ये, तो चौदा वर्षांचा असताना, जॉर्जियातल्या मेकन शहरात आपल्या कार्यक्रमात गायला उभे केले ते रोझेटाने. वर पैसेही दिले. जॉनी कॅशने १९९२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश करताना भाषणात तिचे नाव आदराने घेतले. म्हणजे शिष्य सन्मानित, चाहते सन्मानित. रोझेटाला मान मिळाला २०१८ मध्ये. बत्तीस वर्षे उशिरा, मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. १९९८ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने गॉस्पेल गायिकांची तिकिटे काढली. महालिया जॅक्सन यांच्याबरोबर रोझेटाचेही तिकीट निघाले. राज्ययंत्रणा तिचे चित्र छापून विकत होती, तेव्हा कबरीवर दगड नव्हताच. तिकीट काढायला राज्याला काही द्यावे लागत नाही.

दगड आला तो माणसांमुळे. गेल वाल्ड या प्राध्यापिकेने तिचे चरित्र लिहिले, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ११ जानेवारी २००८ ला फिलाडेल्फियाजवळ तिच्या स्मरणार्थ मैफल झाली. त्या पैशातून कबरीवर दगड बसला. त्यानंतर २०११ मध्ये घरासमोर ती निळी पाटी आली. पेनसिल्व्हेनियात अशा पाट्या अडीच हजारांहून जास्त आहेत आणि त्या सरकारला स्वप्न पडून लागत नाहीत. कुणीतरी अर्ज करतो, पुरावे जोडतो, मग आयोग निर्णय घेतो. पाटीमागे कागद आहेत आणि कागदामागे चिकाटी आहे.

हा एकाच बाईचा दुर्दैवी अपवाद असता तर गोष्ट निराळी. पण याच फिलाडेल्फियाच्या वेशीवर, शेरॉन हिल इथे बेसी स्मिथची कबर आहे. ब्लूजची सम्राज्ञी, १९२० च्या दशकातली सर्वाधिक कमाई करणाऱ्या काळ्या कलावंतांपैकी एक. २६ सप्टेंबर १९३७ ला मिसिसिपीत मोटार अपघातानंतर ती गेली. अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले. तरी कबरीवर १९७० पर्यंत दगड नव्हता. तो बसवायला दोघींनी पैसे दिले. एक जॅनिस जॉप्लिन, गोरी रॉक गायिका. दुसरी जुआनिटा ग्रीन, जी लहानपणी बेसीच्या घरी काम करायची आणि पुढे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या उत्तर फिलाडेल्फिया शाखेत पदाधिकारी झाली. गोष्ट सांगताना लोक जॉप्लिनचे नाव आधी घेतात. जॉप्लिनचे मोठेपण मान्य आहे. पण एकेकाळी फरशी पुसणाऱ्या मुलीने मालकिणीच्या नव्हे, आपल्या समाजाच्या एका थोर बाईच्या नावाचा दगड बसवला, हे मला त्यापेक्षा मोठे वाटते.

पाटीवर न लिहिलेले

आता रॉबर्ट्स टेम्पलकडे येऊ. ज्या चर्चमध्ये छोटी रोझेटा गिटार वाजवायची, त्याच चर्चमध्ये सप्टेंबर १९५५ मध्ये एमेट टिलची शवपेटी ठेवली होती. चौदा वर्षांचा शिकागोचा मुलगा. मिसिसिपीत नातलगांकडे गेला असता गोऱ्यांनी त्याला हाल करून मारले आणि नदीत फेकले. आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाला पाहू दे, ही त्यांची भूमिका होती. हजारो लोकांनी ते पाहिले आणि नागरी हक्कांच्या चळवळीला धार आली. एकाच छताखाली ते गाणे आणि ती शवपेटी. हे दोन वेगळे इतिहास नाहीत, ते एकाच समाजाचे एकाच काळातले श्वास आहेत.

पाट्या मात्र त्यांना वेगळे करतात. मिसिसिपी राज्याने २००६ पासून ब्लूज गायकांच्या स्मृतीसाठी रस्तोरस्ती पाट्या लावल्या. पहिली होली रिज इथे चार्ली पॅटन याच्या कबरीपाशी. आता दोनशेच्या वर झाल्या आहेत. पर्यटक येतात, राज्याला उत्पन्न मिळते. त्याच राज्यात, टॅलाहाची नदीकाठी एमेट टिलचा मृतदेह सापडल्याची खूण सांगणारी पाटी चोरीला गेली. तिच्या जागी लावलेल्या पाट्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. शेवटी २०१९ मध्ये तिथे बुलेटप्रूफ पाटी बसवावी लागली. बाबासाहेबांचे पुतळे तमिळनाडूत लोखंडी पिंजऱ्यात उभे असलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या बुलेटप्रूफ पाटीचा अर्थ सांगावा लागणार नाही.

म्हणजे नियम असा दिसतो. शोषितांचे गाणे चालते, ते गाणे ज्या जखमेतून आले ती जखम चालत नाही. ढोलकी सांस्कृतिक महोत्सवात हवी, ढोलकी वाजवणाऱ्याचा प्रश्न नको. म्हणून रोझेटाच्या पाटीपुढे उभे राहताना नुसते ‘वा, काय वाजवायची’ म्हणून निघायचे नाही. ती बसमध्ये का जेवायची, हेही विचारायचे.

आपला या प्रश्नाशी संबंध जुना आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आपण त्यांच्याकडून राजकारण शिकलो. आता स्मरणाची चिकाटीही शिकली पाहिजे.

कारण कप्पे आपल्याकडेही आहेत, आणि ते फक्त ‘त्यांनी’ केलेले नाहीत. आंबेडकरी जलशांनी गावोगाव बाबासाहेब पोहोचवले. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांची नावे आपण घेतो, घेतलीच पाहिजेत. पण वस्त्यावस्त्यांत उभे राहून भीमगीते गाणाऱ्या बायांपैकी पाच जणींची नावे चटकन सांगता येतात का? त्यांच्या कॅसेट कुठे आहेत? त्यांच्या वह्या कोणाच्या ट्रंकेत आहेत? रोझेटाच्या चर्चमध्ये बायका गाऊ शकत, उपदेश करू शकत, पण पाळकपद पुरुषांकडेच होते. आपल्या विहारांत आणि जयंती मंडळांत अध्यक्षाची खुर्ची कोणाची असते, तेही पाहू या.

पाटी लावायला सरकारची वाट पाहायचे कारण नाही. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या गायिकेकडे या रविवारी जा. मोबाइलवर तिचा आवाज मुद्रित करा. जन्मसाल, गाव, पहिले गाणे कुठे म्हटले, बिदागी किती मिळाली, कोणी अडवले, कोणी साथ दिली, सगळे लिहून घ्या. फोटोमागे नाव लिहा. विहाराच्या भिंतीवर तिच्या नावाची पाटी लावा, ती हयात असतानाच. फिलाडेल्फियात हे काम पस्तीस वर्षे उशिरा झाले. आपल्याला तेवढा उशीर परवडणारा नाही.

जयभीम.